शंभर घरांची चटणी

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या कसबा बावड्यातले मगदूम मामा दीड दिवस वारलेले होते. म्हणजे स्वतः ते धडधाकट होते, कर्नाटकात ब्याडगीच्या बाजारात मिरची बघत फिरत होते. पण इकडे गल्लीच्या लेखी ते गेले होते. यात दोष माझा. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय असती तर मी ढकलला असता, कारण आपली चूक कबूल करायला मला आवडत नाही. तीस वर्षं मुलांच्या चुका काढणाऱ्या बाईला सहसा नाहीच आवडत. पण चौकात लागलेल्या फलकावरचा मजकूर माझ्या अक्षरात, तो छापणाऱ्या यशराजकडे अजून जपून ठेवलेला आहे, आणि तो हलकट येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो.

मामांचं पूर्ण नाव कृष्णात मगदूम. वय साठच्या आसपास, अंगात कायम पांढरा सदरा आणि त्यावर मिरचीची लाल धूळ. दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. पुढे किराणा, मागे मिरचीची पोती आणि त्याच्याही मागे एका खोलीत चटणी कुटायचं कांडप यंत्र. ते यंत्र त्यांची बायको, तानामामी चालवायची. मामांनी सुरुवात केली ती मार्केट यार्डात मिरचीची पोती वाहण्यापासून. पोती वाहता वाहता मिरची ओळखायला शिकले आणि मग एक पोतं उधार आणून इथं रस्त्याकडेला बसले, असं ते सांगत. सांगताना त्यात मोठेपणा नसायचा. पाऊस पडला, भात लावला, इतक्या साध्या सुरात सांगत.

बोलणं मात्र खास कोल्हापुरी. एकदा नव्या अपार्टमेंटमधल्या एका बाईंनी विचारलं, "फारशी तिखट नसलेली मिरची आहे का?"

"हाय की," मामा म्हणाले. "भोपळा म्हणत्यात तिला. शेजारच्या भाजीवालीकडं मिळंल."

त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. मामांना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, मी त्यांना म्हटलंही, की मामा, गिऱ्हाईक असं तोडू नये. तर म्हणाले, "बाई, मी खोटं काय बोललो?" दुपारी एक ते चार दुकान बंद. नेलेला माल परत नाही. सुटे पैसे नसतील तर तिथंच उभं राहायचं. दुकानात पंखा एकच आणि तोही त्यांच्या डोक्यावर. हे सगळं सांगते, कारण मामा म्हणजे कुणी संतमहात्मा होते असा समज व्हायला नको.

पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती ती जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे मी पाहिली नाही. आमच्याकडे प्रत्येक घराची चटणी वेगळी. संकेश्वरी मिरची चवीला, ब्याडगी रंगाला, लवंगी झणक्याला. या तिघींचं आपसातलं माप, वर धने किती, तीळ किती, खोबरं किती, लसूण किती, हे घरागणिक बदलतं. फाल्गुन उतरला की बायका मिरची घेतात, गच्चीवर वाळवतात, देठ काढतात, भाजतात आणि डबा घेऊन कांडपावर येतात. तर आमच्या भागातल्या घराघरांचं हे माप मगदूम मामांच्या डोक्यात होतं. कुठेही लिहिलेलं नाही. सासूबाईंनी कधीकाळी एकदा सांगितलेलं असायचं. पुढे कुणीही सून आली आणि नुसतं "आमच्या घरचं" म्हणाली, की मामा तागडीत मिरची टाकायला सुरुवात करायचे. घरच्या बायकांनाच आपलं माप पाठ नसायचं. कशाला असेल? मामांना होतं ना.

आणि एका घरचं माप दुसऱ्या घराला सांगायचं नाही, हा त्यांचा नेम. शेजारणीची चटणी आवडली म्हणून कुणी विचारायला गेलं, तर "त्ये तिच्या घरचं हाय" एवढंच उत्तर मिळे.

माझ्या सासूबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या. त्यांनी मला शिकवायचं राहून गेलं, की मीच शिकले नाही, हा वाद आता कोण सोडवणार. त्या मार्चमध्ये मी दुकानात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मामा, मला आमचं माप माहीत नाही." ते म्हणाले, "मला ठाव हाय की. तुमी फकस्त ऊन द्या मिरचीला. दोन दिवस, कडक." चटणी झाली. यजमानांनी भाकरीबरोबर पहिला घास घेतला आणि थांबले. "आईची आहे," म्हणाले आणि पानावरून उठून हात धुवायला गेले. मला त्या दिवशी मामांचे पाय धरावेसे वाटले होते. धरले नाहीत. पुढच्या दोन वर्षी शाळेच्या कामात वेळ झाला नाही म्हणून मी मार्टमधनं चटणीचं तयार पाकीट आणलं, हेही लगेच सांगून टाकते.

मार्ट आलं त्याला आता पाच वर्षं झाली. हमरस्त्यावर, तीन मजली, आत गार हवा, ढकलगाड्या, पाचावर एक फुकट. देशभर शेकडो शाखा असलेल्यांपैकी एक. ते आलं तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत कडाक्याचा वाद झाला. मी म्हटलं, आपल्या माणसाकडून घेतलं पाहिजे, पैसा गावात राहतो, आजारीपाजारी असलं तर तोच दुकानदार घरी सामान पोचवतो. गणिताचे सर म्हणाले, "बाई, माझ्या दुकानदारानं वीस वर्षांत मला एक रुपया सोडला नाही. मी त्याला का पोसायचं?" मी त्यांना असं काही सुनावलं की ते डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेले. मला फार बरं वाटलं.

त्याच रविवारी मी मार्टमध्ये होते. कपड्यांचा साबण घ्यायला, दुसरं काही नाही. तर समोरून मगदूम मामा दोन ढकलगाड्या ओढत येताना दिसले, दोन्हीत साबण आणि तेलाच्या पिशव्या शिगोशीग. मी बिस्किटांच्या फळीआड झाले. पण त्यांनी पाहिलं होतं आणि हळू बोलणं त्यांना येत नव्हतं.

"बाई! साबण घेतला न्हवं? घ्या, घ्या. घाऊक व्यापारी मला ज्या भावानं देतोय, त्यापरास हितं स्वस्त हाय. मीबी हितनंच नेतोय इकायला."

सगळी रांग वळून बघायला लागली. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला राग नाही येत या दुकानाचा?"

"कशापायी? साबण कुठनंबी घेतला तरी फेस त्योच. मिरची तशी न्हाई. मिरची बघून घ्यावी लागती." आणि गाड्या ओढत पुढे गेले.

मला वाटतं त्यांचा सगळा हिशेब या एका वाक्यात होता. साबण गेला तर जाऊ दे, मिरची आपली आहे. पण मग मार्टनं मिरचीही आणली. पारदर्शक पिशव्यांत, देठ काढलेली, किलोकिलोची. शिवाय तयार चटणी, चार प्रकारची. नोकरी करणाऱ्या पोरींना देठ काढत बसायला वेळ नाही, यात त्यांचा दोष नाही. मला कुठे होता? पूर्वी हंगामाला तीनशेवर घरांची चटणी मामांच्या कांडपावर व्हायची. ती दोनशेवर आली, मग दीडशेवर. किराण्यात तर काही राहिलंच नव्हतं. जे काय होतं ते मिरचीचे हे तीन महिने.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत औषधांच्या एका मोठ्या साखळी दुकानाचा माणूस गाळा बघून गेला. त्यांना एक जूनपासून जागा हवी होती. मामांचा मुलगा विश्वजित पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणाला, द्या आणि आरामात बसा. तानामामी म्हणाली, कांडप बंद करून मी दिवसभर काय भिंती बघू? घरात चार दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. शेवटी मामांनी तोड काढली. मे संपेपर्यंत शंभर घरांची चटणी झाली तर दुकान चालू ठेवायचं. नाही झाली तर गाळा औषधवाल्यांना.

हे मला मामीनं सांगितलं. मी मामांना विचारलं, शंभरच का?

"शंभर म्हंजी दुकान," ते म्हणाले. "त्याच्या खाली म्हंजी हौस. हौसंपायी गाळा अडवून बसायचं वय न्हाई माझं."

मामी कांडपाच्या खोलीत भिंतीवर कोळशानं रेघा मारायची, एका घराला एक रेघ. तेविसावी माझी होती. त्या वर्षी मी शहाण्यासारखी वेळेवर गेले. एप्रिल उजाडला तेव्हा रेघा एकोणचाळीस होत्या.

आणि मग मला ती कल्पना सुचली.

आमच्याकडे कुठलीही गोष्ट झाल्याचं कळतं ते चौकातल्या डिजिटल फलकावरून. वाढदिवस, निवड, कुस्ती जिंकली, परदेशी चालला, सगळ्याला डिजिटल. म्हटलं, मामांच्या नावानं एक मोठा फलक लावू. लोकांना आठवण होईल, लाज वाटेल, येतील. मामांना सांगायचं नाही, कारण ते नको म्हणणार. मी गल्लीतल्या आठ घरांतून, कशासाठी ते न सांगता, वर्गणी काढली आणि मजकूर स्वतः लिहिला. मराठी माझा विषय. असा होता:

"श्री. कृष्णात मगदूम (मामा). चाळीस वर्षं घराघरांत चव पेरणारा आपला माणूस. मामा, आम्ही तुम्हाला कधीच विसरणार नाही. शोभिवंत दुकानं कितीही येवोत, तुमची जागा कुणी घेऊ शकत नाही. – समस्त गल्लीकर."

मला तो फार आवडला. दोनदा मोठ्यानं वाचून पाहिला. यजमान म्हणाले, जरा जड वाटतोय. मी म्हटलं, तुम्हाला मराठीतलं काय कळतं.

यशराजच्या दुकानात मजकूर दिला आणि मामांचा फोटोही, रेशनकार्डासाठी काढलेला, मामीकडून गुपचूप मागून आणलेला. यशराज घाईत होता, लग्नसराई चालू होती. बुधवारी संध्याकाळी मी कुरुंदवाडला गेले. माझ्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्याच दिवशी रात्रीच्या गाडीनं मामा आणि मामी ब्याडगीला गेले, उरलेल्या हंगामाची मिरची आणायला. दुकान बंद. मामांचा बटणाचा फोन घरी चार्जिंगला राहिला. मामी फोन वापरतच नाही.

गुरुवारी सकाळी फलक लागला. यशराजनं मजकूर वाचला आणि त्याला जे समजायचं ते समजला. त्यानं मागे निळं आभाळ घातलं, खाली दोन समया, आणि फोटोभोवती पांढऱ्या फुलांची महिरप. "श्री." बदलून "कै." करायची हिंमत तेवढी त्यानं केली नाही, म्हणाला, बाईंनी लिहिलंय ते मी कसं बदलू.

वर फलक, खाली बंद शटर, फोन कुणी उचलत नाही. आणखी काय पुरावा पाहिजे? दहा वाजेपर्यंत गल्लीच्या मोबाइल गटावर हात जोडलेली चित्रं सुरू झाली. मला हॉस्पिटलच्या बाकावर ते दिसलं: "मगदूम मामा गेले. भावपूर्ण श्रद्धांजली." फलकाचा फोटो कुणी टाकला नव्हता. मला काय वाटावं? वाटलं, अरेरे, त्यांच्या पाठीशी उभं राहायला फलक करायला टाकला आणि तो लागायच्या आत माणूस गेला. मी तिथंच रडले. डोळ्याला पट्टी बांधलेल्या वडिलांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, आमचे मिरचीवाले गेले. आणि गटावर मीही हात जोडलेलं चित्र पाठवलं. माझ्याच फलकावर मीच विश्वास ठेवला.

शुक्रवारी दुपारी एसटीनं परतले ती थेट दुकानाशी. शटरसमोर तीसपस्तीस बायका आणि काही पुरुष. कुणीतरी पायरीवर हार ठेवला होता. मी फलकाकडे पाहिलं. समया पाहिल्या, आभाळ पाहिलं. हे मी सांगितलं नव्हतं. पण तरीही मला वाटत होतं की मामा खरंच गेलेत आणि यशराजनं मागाहून समया घातल्या असतील. एकदा पक्कं झालं की मन वळत नाही.

ऐंशी वर्षांच्या विठाबाई पायरीवर बसून डोळ्याला पदर लावत होत्या. "सोन्यासारखा मानूस गेला गं. आता आमच्या चटणीचं काय?"

"आमच्याबी," दुसरी म्हणाली. "माप कुणालाच म्हाईत न्हाई घरात."

"मामीला माहीत असेल का?" हे विचारलं स्नेहलनं. ती बँकेत आहे, आमच्याच अपार्टमेंटमध्ये राहते.

"मामी नुसती कुटती. मापं समदी त्यांच्या डोस्क्यात."

मग जो तो आपलं सांगू लागला. कुणाचा भाऊ दुबईला डबा नेतो, कुणाच्या घरी पाहुण्यांना तीच चटणी लागते. मी खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पहिल्यांदा मामा नव्हते. सासूबाईंची चटणी होती. आता ती कायमची गेली, हे मनात होतं, आणि त्याच्या खाली कुठेतरी मामा.

तेवढ्यात टेंपो आला. मागे मिरचीची पोती, पुढे ड्रायव्हरशेजारी तानामामी आणि दाराकडेला मगदूम मामा. ते खाली उतरले, गर्दी बघितली, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कोण गेलं?"

विठाबाईंनी नुसतं वर बोट केलं.

मामांनी फलक वाचला. सावकाश, सगळा. मग टोपी परत घातली. "फोटू बरा आलाय," म्हणाले. "कुणी लिवलं?"

मी पुढे झाले. सगळं सांगितलं, शंभर घरांचं सोडून. मामी टेंपोतून उतरून मला काय काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एकही शब्द वावगा नव्हता. मामा गर्दीकडे बघत होते. म्हणाले, "एवढी मानसं दुकानाम्होरं मी चार सालात बघितली न्हाईत."

लोक ओशाळले. कुणीतरी हार उचलून पाठीमागे लपवला. आता पांगणार तोच स्नेहल म्हणाली, आणि ती वाईट मनानं म्हणाली नाही, "मामा, एक सांगू? आमचं माप तेवढं लिहून द्याल का? आज खोटं होतं म्हणून ठीक आहे."

मग सगळ्याच म्हणू लागल्या. आमचंपण, मामा. आमचंबी.

"एक अक्षर देऊ नगासा," मामी कडाडली. "कागद घिऊन सरळ मार्टात जातील. मिरची तिथनं आणतील. मग आपल्याकडं कशाला कोण ईल? शंभर घरं काय आभाळातनं पडणार हाईत?"

आता सगळ्यांना शंभर घरांचं कळलं. मामी बोलत होती ते खरं होणार हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, आणि तरी एकीनंही मागणं परत घेतलं नाही. मीही नाही. मला आजही त्याचा राग येतो, माझा सगळ्यात जास्त.

मामांनी शटर वर केलं, आत जाऊन एका पोत्यावर बसले. "माझं काय हाय त्यात?" ते मामीला म्हणाले. "त्यांच्या सासवांनी ठिवाय दिल्यालं हाय. मागत्यात तर द्याला पायजे. उद्या मी खरंच गेलो तर घिऊन जाऊ काय वर?" मग माझ्याकडे वळले. "बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय. बसा. मी सांगतो, तुमी लिवा."

जुन्या दिनदर्शिकेची पानं फाडली आणि मी लिहायला बसले. मामा डोळे मिटून सांगत होते. एकेक घर पुढे यायचं, मामा नुसतं तोंड बघायचे आणि सुरू. चार संकेश्वरी, दोन ब्याडगी, लवंगी पाव. तीळ जास्त, थोरल्या आत्याला आवडायचे. खोबरं भाजून, तळून नाही. संध्याकाळपर्यंत एकसष्ट घरं झाली आणि दुसऱ्या दिवशी बातमी ऐकून आणखी सत्तेचाळीस आली. मामा दर चारदोन घरांनी म्हणत, "ह्ये गेल्या सालचं हाय बरं का. मिरची दरसाली बदलती. बघून कमीजास्ती करावं लागतंय." ते मी लिहिलं नाही. आकडे तेवढे लिहिले. मला वाटलं, तो बोलण्याच्या ओघातला भाग आहे.

आमच्या घरचं माप आलं तेव्हा माझा हात थांबला. मामा म्हणाले, "लिवा की. तुमच्याच घरचं हाय." ते पान मी देवघरातल्या खणात ठेवलं आहे.

पुढच्या पंधरा दिवसांत काही घरं आली. लाजेनं आली म्हणा, प्रेमानं आली म्हणा. रेघा सत्तरपर्यंत गेल्या. मग मार्टनं मिरचीवर सूट लावली आणि रेघा मंदावल्या. गच्च्यांवर मिरच्या वाळत होत्या, त्या कुठल्या होत्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. कांडप तर आता राजारामपुरीतही आहे, भाजीमंडईतही आहे.

मेच्या मध्यात तक्रारी सुरू झाल्या. एक बाई डबा घेऊन दुकानात आली आणि चढ्या आवाजात म्हणाली, "मामा, माप चुकीचं दिलंसा. जाळ झालीया नुसती चटणी. पोरं खाईनात."

मामांनी करंगळीनं चव घेतली. "मिरची कुठली?"

ती डब्याचं झाकण लावू लागली.

"यंदा संकेश्वरीला पाऊस कमी लागलाय. झणका जादा हाय तिच्यात. लवंगी घालायचीच नव्हती." त्यांनी अर्धा किलो ब्याडगी काढून दिली, धने किती मिसळायचे ते सांगितलं. अशी नऊदहा घरं आली. मामीनं विचारलं, ही धरायची का शंभरात? मामा म्हणाले, "न्हाई. डबा आपल्या कांडपावर आला तर घर. ह्यो नुसता दवापानी हाय." मी म्हटलं, मामा, धरा हो, दहा घरं आहेत. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, पेपर तपासताना तुमी असं मार्क देतासा काय?"

मे संपला तेव्हा भिंतीवर त्र्याऐंशी रेघा होत्या. मामांनी त्या स्वतः मोजल्या, पुन्हा मामीला मोजायला लावल्या आणि विश्वजितला फोन केला. कांडप यंत्र गडहिंग्लजकडच्या एका माणसानं नेलं. औषधवाल्यांनी भिंतीला पांढरा रंग दिला. आता तिथं गार हवा आहे, दार आपोआप उघडतं, आणि आतला मुलगा नम्रपणे विचारतो, मोबाइल नंबर सांगता का.

गणिताच्या सरांना मी हे सगळं सांगितलं. वाटलं, जिंकल्यासारखं काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "वाईट झालं. पण बाई, शंभरातली सतरा घरं कमी पडली, ती काही मार्टनं नाही पाडली." माझा डबा मीच उचलला.

यंदा मार्च लागला. मिरची आणायला हवी होती. लक्ष्मीपुरीत चांगले व्यापारी आहेत, पण तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही. मी मार्टमधनं चार किलो घेतली, तीनही प्रकार. घरी आणून सासूबाईंच्या मापाचं पान काढलं आणि पिशवीतल्या मिरचीकडे बघत बसले. ती तिखट आहे की पाणचट, यंदा पाऊस किती लागला, मला काही म्हणजे काही कळेना. शेवटी पिशवी उचलली आणि मामांच्या घरी गेले. त्यांचं घर दुकानापासून चार गल्ल्या पलीकडे, नदीच्या अंगाला.

अंगणात बाजल्यावर मामा बसले होते, पुढ्यात सूप. पायरीवर सहा बायका, प्रत्येकीच्या मांडीवर मार्टची पिशवी आणि हातात माझ्या अक्षरातलं दिनदर्शिकेचं पान. मामा एकेकीची मिरची सुपात ओतून घेत होते, मोडून वास घेत होते, बी जिभेवर टेकवत होते आणि सांगत होते. हिला अर्धा किलो कमी. तिला ब्याडगी वाढवा. पैसे कुणी विचारत नव्हतं, ते मागत नव्हते. चेहऱ्यावर समाधान होतं; ते तेवढं माझ्यानं नाकारवत नाही.

तानामामीनं मला पाण्याचा तांब्या दिला आणि शेजारी टेकली. दोघी बघत बसलो. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"दुकान कोपऱ्यावर हुतं तवा ह्यास्नी यायला येळ घावत नव्हता," ती म्हणाली. "आता चार गल्ल्या चालत येत्यात बगा, बाई."

पुढची बाई उठली, मामांनी सूप झटकलं आणि माझ्या पिशवीकडे हात केला.